मुख्य पाट बंद, शेत चारीवर

पत्र:

"डॉक्टर, नमस्कार. मी भडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय 66, शेती करतात. बीपी बारा वर्षांपासून, तंबाखू त्याहून जुनी. मार्गशीर्षात एका सकाळी चहा पिता पिता त्यांची जीभ अडखळली, उजव्या हातातली बशी निसटली. वीसेक मिनिटांत सगळं जागेवर. 'माले काही व्हयेल नही' म्हणत ते शेतात निघाले होते, आम्ही बळेच जळगावला नेलं. एमआरआय अँजिओत मानेतून मेंदूकडे जाणारी डावी कॅरोटिड नस पूर्ण बंद निघाली. खाली लिहिलं होतं, कोलॅटरल चांगले. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, निसर्गानेच बायपास केलाय, ऑपरेशन नको, गोळ्या चालू ठेवा.

गावात आता तेच वाक्य फिरतंय. देवानेच बायपास केला तर गोळ्या कशाला, म्हणतात. कुणी लसूण-आलं-लिंबाचा काढा दिलाय. भाऊ सुरतला असतो, तो म्हणतो तिकडे स्टेंट टाकून नस उघडून देतील. शेजारच्या गावात 48 वर्षांच्या माणसाची अशीच नस बंद झाली, तो अंथरुणाला खिळला. मग नाना कसे वाचले? कोलॅटरल म्हणजे नेमकं काय, आणि ते वाढवता येतात का? नानांना चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचंय. आई त्यांना एकट्याला शेतातसुद्धा जाऊ देत नाही, रोज वाद होतात.

आणखी एक, कदाचित महत्त्वाचं नसेल. गावातल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी एकाची दोन केल्यापासून दोनदा असं झालं की, गरम पाण्याने अंघोळ करून उठताना त्यांचा उजवा हात मिनिटभर थडथड हलला. शुद्ध होती. अशक्तपणा म्हणून सलाईन लावली, बरं वाटलं."

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि उत्तर लिहायला बसण्याआधी मी तुम्हाला फोन लावला. जे तुम्हाला महत्त्वाचं वाटलं नाही, तेच या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं होतं. तेव्हा बोललो ते इथे सगळ्यात आधी लिहितो, कारण असे नाना खान्देशात घरोघरी आहेत.

हात हलला तो अशक्तपणा नव्हता. डावा मेंदू उजवा हात चालवतो, आणि नानांची बंद नस डावी आहे. माणूस बसलेला उठला की रक्त पायांकडे उतरतं आणि बीपी क्षणभर खाली येतं. गरम पाण्याने कातडीच्या नसा फुलतात, त्याने ते आणखी उतरतं. त्यात गोळी दुप्पट झालेली. डाव्या मेंदूला त्या मिनिटभरात रक्त कमी पडलं आणि त्याची खूण हातावर उमटली. मेंदूचे डॉक्टर याला 'लिम्ब शेकिंग टीआयए' म्हणतात, म्हणजे हात किंवा पाय हलवणारा, थोड्या वेळात ओसरणारा लकव्याचा इशारा. बऱ्याचदा ही फिट समजली जाते आणि माणसाला फिटच्या गोळ्या सुरू होतात. ओळखायची खूण अशी की हा झटका उभं राहिल्यावर येतो, आडवं झाल्यावर थांबतो, शुद्ध जात नाही आणि चेहरा सहसा हलत नाही. सलाईनने बरं वाटलं त्याचंही कारण हेच. अंगातलं पाणी वाढलं, दाब वाढला, रक्त पोचलं. पण सलाईन उतरली की आपण पुन्हा होतो तिथेच, आणि दोनदा मिळालेली सूचना हातातून गेलेली.

म्हणून म्हटलं, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण आजच्या आज मेंदूच्या डॉक्टरांना हे सांगा. त्यांच्यासमोर नानांचं बीपी आडवं झोपवून मोजू द्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर गोळीचा डोस, गोळीचा प्रकार, दिवसातली वेळ, सगळंच नव्याने ठरवावं लागतं.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतोय, तेही लिहितो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत धुळ्याला माझ्याकडे एक शेतकरी आजोबा यायचे. बीपी 180. मी आठवड्यात ते 110 वर आणलं आणि मला त्याचं समाधानही वाटलं. पुढच्या सोमवारी पहाटे ते उठताना पडले, डावा हात लुळा. मानेतली उजवी नस आधीच खूप अरुंद झालेली होती आणि मी एकदाही त्यांच्या मानेला स्टेथोस्कोप लावला नव्हता. हात परत आला, पण बैलाचा कासरा धरण्याइतका पुन्हा कधी आला नाही. त्यानंतर ज्याच्या मेंदूच्या नसा अरुंद आहेत, त्याचं बीपी मी आठवड्या-आठवड्याने, पायरी-पायरीने उतरवतो.

आता तुमचा मूळ प्रश्न.

माझं आजोळ पांझरेकाठचं, फडाचं गाव. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून वाफे. लहानपणी सुट्टीत मामाबरोबर दारं धरायला गेलोय, त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा समजावताना मला दुसरं काही आठवतच नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा घेतो, आणि साठा जवळजवळ काहीच करत नाही. त्याला चोवीस तास वाहतं पाणी लागतं. ते आणायला चार मोठे पाट आहेत. मानेच्या पुढच्या बाजूने दोन कॅरोटिड, मागून मणक्यांच्या आधाराने चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. मागचे दोन कवटीत शिरल्यावर एक होतात. मग मेंदूच्या तळाशी हे सगळे पाट आडव्या चाऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि एक कडं तयार होतं. डावा पाट बंद पडला तर उजव्याचं पाणी पुढच्या आडव्या चारीतून डावीकडे येऊ शकतं, मागचं पाणी मागच्या चारीतून पुढे येऊ शकतं. ही कोलॅटरलची, म्हणजे पर्यायी वाटांची, पहिली फळी.

दुसरी फळी कड्याच्या बाहेर आहे. चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसेतलं रक्त डोळ्याच्या नसेत उलटं वाहून कवटीच्या आत शिरतं. एरवी आतून बाहेर येणारा प्रवाह दिशा बदलतो. आणि मेंदूच्या पृष्ठभागावर, पातळ आवरणाखाली, शेजारी-शेजारी असलेल्या नसांच्या टोकांना जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. दोन शेतांच्या बांधातून पाणी पाझरावं तशा. एरवी त्यांतून फारसं काही वाहत नाही. मोठी नस बंद पडली की पलीकडचा दाब कमी होतो, त्या फरकामुळे रक्त या वाटांत ओढलं जातं, आणि दिवस-आठवड्यांत त्या हळूहळू रुंद होतात. नव्या नसा फुटल्या असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा आधीपासून असलेली चारीच मोठी होते.

या कड्याला विलिसचं कडं म्हणतात. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने 1664 मध्ये मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, त्यातली चित्रं काढणाऱ्यांत पुढे लंडनचं सेंट पॉल्स चर्च बांधणारा ख्रिस्तोफर रेन होता. विलिसने एका माणसाचं शवविच्छेदन केलं. तो दुसऱ्याच आजाराने गेला होता, लकवा त्याला कधी झाला नव्हता. उजवी कॅरोटिड मात्र दगडासारखी कठीण होऊन जवळपास बंद. आणि त्याच बाजूची मागून येणारी नस दुसऱ्या बाजूच्या तिप्पट जाड झालेली. विलिसला उमगलं की पाणी मागच्या पाटाने आलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो माणूस आणि तुमचे नाना, दोघांच्या डोक्यात घडलं ते एकच.

मग शेजारच्या गावातला तो 48 वर्षांचा माणूस का कोसळला? मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल ठामपणे बोलणार नाही. सर्वसाधारण कारणं दोन. पहिलं, वेळ. नस वर्षानुवर्षं चरबीने अरुंद होत गेली तर चाऱ्यांना रुंद व्हायला सवड मिळते. हृदयात झालेली गुठळी वाहत येऊन निरोगी नसेत एकदम अडकली तर सवडच नसते. दुसरं, जन्माची देणगी. विलिसचं कडं पुस्तकातल्या चित्रासारखं संपूर्ण असणं हे निम्म्याहून कमी लोकांच्या वाट्याला येतं. कुणाची एक चारी दोऱ्याइतकी बारीक असते, कुणाला ती नसतेच. बारीक वाटांची संख्याही माणसागणिक वेगळी. त्यात वय, बीपी आणि साखर त्यांना आणखी कमजोर करतात. त्या माणसाच्या घरच्यांनी काही कमी केलं, किंवा तुम्ही काही जास्त केलं, असं यातून काढू नका.

आता गावात फिरणाऱ्या वाक्याकडे येतो. 'निसर्गानेच बायपास केलाय' हे तुमच्या डॉक्टरांनी धीर द्यायला म्हटलं असणार, आणि ते खोटंही नाही. पण पाट आणि चारी यांत फरक आहे, तो शेतकऱ्याच्या मुलीला मी वेगळा सांगायला नको. पाटाचं पाणी पूर्ण दाबाने सुटलं की चारीवरचं शेतही भिजतं. विसर्ग कमी झाला की सुरुवातीच्या शेताला फरक कळत नाही आणि टेलचं, म्हणजे शेवटच्या टोकाचं, शेत कोरडं पडतं. मेंदूतही टेलची शेतं असतात. दोन मोठ्या नसांच्या हद्दी जिथे भिडतात तो पट्टा. हात-खांदा चालवणारा भाग त्या पट्ट्याला लागून आहे, म्हणून दाब उतरला की पहिली खूण अनेकदा हातात दिसते.

यात आणखी एक गोष्ट आहे जी रिपोर्टमध्ये एका ओळीत दिसत नाही. रक्त कमी आलं की मेंदू आधी स्वतःच्या बारीक नसा सैल करतो, म्हणजे जास्त रक्त खेचलं जातं. तेही पुरेना झालं की आलेल्या रक्तातून नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू काढून घेतो. कमी पाण्यात पीक जगवणाऱ्या शेतकऱ्यासारखा तो काटकसर करतो. पण नसा एकदा पूर्ण सैल झाल्या की हातात राखीव काही उरत नाही. तिथून पुढे बीपी जेवढं, तेवढंच रक्त. नाना चालतात, बोलतात, जेवतात, तरी ते या टप्प्यावर असू शकतात. अंघोळीनंतरचा हात तेच सांगत होता. 'कोलॅटरल चांगले' हा शेरा झोपलेल्या माणसाच्या फोटोवरून दिलेला असतो. अंघोळ करून उठताना काय होतं, ते त्या फोटोत येत नाही.

आणि हा शेरा मोठ्या नसांपुरताच आहे. मेंदूच्या आत खोलवर शिरणाऱ्या सुईसारख्या नसांना शेजारच नसतो. त्यांतली एक बंद पडली तर तेवढा ठिपका गेला, कुठलीही चारी मदतीला येत नाही. वाढलेलं बीपी आणि साखर नेमक्या याच नसा खराब करतात. म्हणजे बीपी फार उतरलं तर टेलचं शेत सुकतं, चढलेलं राहिलं तर या बारीक नसा जातात. नानांच्या डॉक्टरांना या दोन्हींच्या मधून वाट काढायची आहे. बहुतेकांसाठी शेवटचं ध्येय 130/80 च्या आसपास असतं, नानांसाठी तिथे कधी आणि किती सावकाश पोचायचं हे त्यांनीच ठरवायचं. घरी बीपीचं मशीन घ्या आणि वही ठेवा. सकाळ-संध्याकाळ, बसून एकदा, उभं राहून एकदा.

गोळ्या कशाला, तर चारी उघडी ठेवायला. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल गुठळी होऊ देत नाही. बंद नसेच्या टोकाशी साचलेल्या रक्तात गुठळी होऊन ती पुढे सरकली तर तीच चारी तुंबते. कधी सुरुवातीला दोन्ही देतात आणि ठरावीक काळाने एक थांबवतात, तेव्हा कुठली कधी थांबवायची ते कागदावर लिहून घ्या. स्टॅटिन फक्त कोलेस्टेरॉलच्या आकड्यासाठी नाही. ती नसेच्या भिंतीतला चरबीचा थर स्थिर करते, फुटू देत नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली ठेवायचं असतं. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करणारे मला दर महिन्याला भेटतात. आकडा चांगला आला तो गोळीमुळेच.

भावाला माझा निरोप द्या की त्याची काळजी मला समजते. बंद नस उघडली की प्रश्न मिटला, असं कुणालाही वाटेल. पण पूर्ण बंद झालेल्या कॅरोटिडच्या आत लांबवर जुनी गुठळी बसलेली असते. ती छेडली तर तुकडे मेंदूत जाण्याचा धोका, म्हणून ती सहसा उघडत नाहीत. बाहेरून नस जोडून मेंदूचा बायपासही करून पाहिला गेला आहे. झुरिकमध्ये 1967 मध्ये पहिला झाला. पण 1985 आणि 2011 साली जाहीर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, अशा बंद कॅरोटिडच्या रुग्णांना नुसत्या औषधांपेक्षा बायपासचा जास्त फायदा दिसला नाही. मोयामोया नावाच्या आजारात तो केला जातो, तो विषय वेगळा. सगळं नीट करूनही नानांचे झटके थांबले नाहीत तर मेंदूचे डॉक्टर स्वतःच हा विचार पुढे आणतील.

स्टेंटबद्दल, ज्यांची नस कवटीच्या आत अरुंद आहे अशा वाचकांसाठी लिहितो, कारण आपल्याकडे हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. 2011 मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, स्टेंट टाकलेल्यांपैकी पहिल्या 30 दिवसांत 14.7 टक्के लोकांना लकवा किंवा मृत्यू आला, कसून औषधोपचार केलेल्यांत 5.8 टक्के. ती चाचणी मधेच थांबवावी लागली. तेव्हा कुणी पहिल्याच भेटीत स्टेंटची तारीख देत असेल, तर दुसऱ्या मेंदूच्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

मात्र एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत आणि तो विचारायला हवा. उजवी कॅरोटिड कशी आहे? नानांचा डावा मेंदू बराचसा आता तिच्या जिवावर असू शकतो. मानेतली नस पूर्ण बंद नसून 70 ते 99 टक्के अरुंद असेल आणि तिने लक्षणं दिली असतील, तर मात्र ऑपरेशनचा फायदा मोठा आहे. 1991 च्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी दोन वर्षांत त्याच बाजूचा लकवा औषधांवर असलेल्यांत 26 टक्के आणि ऑपरेशन केलेल्यांत 9 टक्के जणांना झाला. आणि ते लक्षणांनंतर शक्यतो दोन आठवड्यांत व्हावं लागतं. नानांच्या उजव्या बाजूचा डॉप्लर (मानेतल्या नसेची सोनोग्राफी) झालाय का, अरुंदपणा किती टक्के, पुन्हा कधी करायचा, हे पुढच्या भेटीत लिहून घेऊन या.

कोलॅटरल वाढवता येतात का? ते वाढवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही, आणि काढाही नाही. लसूण-आलं-लिंबाने बंद नस उघडल्याचं कुठल्याही तपासणीत दिसलेलं नाही. लसूण ठेच्यात हवा तेवढा खाऊ द्या. काढा मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर नको, आणि गोळ्यांच्या जागी तर मुळीच नको. आहेत त्या चाऱ्या टिकवता येतात, तेवढं आपल्या हातात आहे. त्यात पहिलं काम तंबाखूचं. चुन्याबरोबर मळलेली असो, मिसरी असो की विडी, नसांचं नुकसान होतंच. चाळीस वर्षांची सवय दटावून सुटत नाही हे मला माहीत आहे. 1800-11-2356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, तुम्ही फोन लावून द्या आणि नानांना स्वतः बोलू द्या. दुसरं, सलूनमध्ये कडकन मान मोडून घेणं आजपासून बंद. त्या झटक्याने मानेतल्या नसेचं अस्तर फाटू शकतं, आणि नानांकडे गमवायला आता एकही नस शिल्लक नाही.

खाण्यात मी फार बंधनं घालत नाही. दादरची भाकरी, भरीत, फुनके, सगळं चालेल. वरून ओतलेलं तेल आणि पापड-लोणचं-शेव यांतलं मीठ कमी करा. शेवभाजी महिन्यातून एखाद्या वेळी.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आपला उन्हाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 च्या पुढे जातो. नांगरटीच्या शेतात दुपारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून किती पाणी जातं, ते त्यालाही कळत नाही. पाणी गेलं की रक्त घट्ट होतं, दाब उतरतो. ज्याचे चारही पाट चालू आहेत त्याला फक्त गरगरतं. नानांसाठी ते लकव्याचं कारण होऊ शकतं. जुलाब-उलट्या, ताप, निर्जळी उपवास, यांचंही तसंच. त्या दिवसांत बीपीच्या गोळीचं, विशेषतः लघवी वाढवणारी असेल तर, काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. हृदय किंवा किडनीचा त्रास नसेल तर दिवसभर घोट-घोट पाणी चालू राहू द्या, तहानेची वाट न पाहता. उठताना आधी बसायचं, दोन मिनिटं पाय हलवायचे, मग उभं राहायचं. अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, दाराला कडी न लावता.

म्हणून यंदा चैत्रात गडावर पायी जायला माझं 'नाही' आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतंय. उन्हात पताका घेऊन चालणाऱ्यांत माझ्या घरचेही असतात, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या माणसाला 'येऊ नको' म्हणणं किती लागतं ते मी पाहिलंय. एसटीने जाऊ द्या, वर जायला आता ट्रॉली आहे. डॉक्टरांची परवानगी असेल तर थंडीत, गर्दी नसताना न्या. रोजचं अर्धा तास चालणं मात्र बीपी स्थिरावलं की सुरू करायचंच आहे, सकाळच्या गारव्यात.

आता तो प्रसंग, जो येऊ नये. तोंड वाकडं झालं, एक हात वर धरला की खाली घसरू लागला, बोलणं बोबडं झालं किंवा समजेना, अचानक तोल गेला, एका डोळ्यासमोर अंधार आला, यांतलं एक जरी दिसलं तरी घड्याळ पाहा आणि 108 ला फोन करा. नाना शेवटचे ठीक कधी दिसले ती वेळ डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील. आडवं झोपवा. उलटी होत असेल तर कुशीवर. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. बीपी वाढलेलं दिसलं तरी घरची बीपीची गोळी देऊ नका. त्या वेळी वाढलेला दाब चारीतून रक्त ढकलत असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं नसेल, तर लकव्याच्या पहिल्या दिवसांत आम्हीसुद्धा 220/120 च्या वर गेल्याशिवाय तो सहसा उतरवत नाही. जादा अ‍ॅस्पिरिनही नको, कारण लकवा रक्तस्रावाचा आहे की गुठळीचा हे सीटी झाल्याशिवाय कळत नाही. वारं गेलं म्हणून मालीश करण्यात किंवा ते उतरवून घेण्यात तास गेला तर तो परत मिळत नाही.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. मोठी नस अडकली असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते, आणि 2018 पासून निवडक रुग्णांत ही मुदत 24 तासांपर्यंत गेली आहे. निवड करताना मेंदूचा किती भाग अजून जिवंत आहे ते पाहतात, आणि तो जिवंत ठेवणारे कोलॅटरलच. मोठ्या नसेच्या लकव्यात दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात असा एक हिशेब आहे. चांगल्या चाऱ्या असलेल्यात हा वेग मंद असतो. पण किती मंद, हे घरी बसून कुणालाच कळत नाही, तेव्हा 'नानांचे कोलॅटरल चांगले आहेत, सकाळी जाऊ' असं म्हणू नका. भडगावहून जवळ कुठे चोवीस तास सीटी आणि ते इंजेक्शन मिळतं, हे या आठवड्यातच फोन करून विचारून घ्या. जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. कागदावर लिहून दाराजवळ लावा.

राहिला आईंचा वाद. आईंची भीती खरी आहे, आणि शेत बंद केलं तर नाना खचतील हेही खरं. सकाळी सात ते दहा जाऊ द्या, डोक्याला रुमाल, बरोबर पाण्याचा कॅन. विहिरीत उतरणं, झाडावर चढणं, एकट्याने मोटारसायकल, हे झटके थांबून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नको. एकटे मात्र नकोत, सालदार बरोबर हवा. वरची लक्षणं आईंबरोबर त्यालाही शिकवा, दोनदा म्हणून घ्या, आणि त्याच्या मोबाइलमध्ये 108 आणि तुमचा नंबर आजच टाकून द्या.